मातीचा पंजा

विज्ञान शिकवायचं मी मागून घेतलं नव्हतं. बालाघाटच्या त्या मिडल स्कूलात मी भाषा शिकवायला म्हणून लागले, आणि भाषा म्हणजे मराठी अशीच माझी समजूत होती. आमचं घर शेतकऱ्याचं, बोली विदर्भाची, माझं स्वतःचं शिक्षण मराठीत झालेलं. पण राज्यांची नव्यानं वाटणी झाली, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि शाळेतले मराठीचे वर्ग वर्षागणिक रोडावत गेले. शेवटी एका जुलैत बडे गुरुजींनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, मला ऑफिसात बोलावून घेतलं.

“बहनजी, मराठी के बच्चे तो अब मुट्ठीभर रह गए। आप सामान्य विज्ञान ले लीजिए।”

ते घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे मला नंतर कळलं. मी पुस्तक घरी नेलं. हिंदी मला वाचता येत होती, पण वाचून झाल्यावर डोक्यात काय राहिलं ते सांगता येत नव्हतं. सहावीच्या वर्गावर पहिला धडा घेतला तो मांसाहारी प्राण्यांचा. पुस्तकात लिहिलं होतं की शेराच्या मानेवर आयाळ असते. मी ते वाचून दाखवलं, तर परसवाड्याकडचा, जंगलाजवळच्या गावचा, एक मुलगा उभा राहिला. शेराला आयाळ नसते, पट्टे असतात, असं त्याचं म्हणणं. त्यांच्याकडे पट्टेवाल्याला शेरच म्हणत. दुसरा म्हणाला, तो बाघ. मराठी घरातली एक मुलगी म्हणाली, वाघाले ठिपके असतात, तिच्या आजानं पाहिला होता. मागून कुणीतरी सांगितलं की ठिपकेवाला तो चीता. अजून एकजण त्याला तेंदुआ म्हणत होता. मी हातात खडू घेऊन उभी होते. फळ्यावर काय लिहावं ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात शिक्षण खात्यानं आम्हा विज्ञानवाल्यांना शिबिराला बोलावलं. बाहेरगावचे एक शिक्षक शिकवायला आले होते. ते म्हणत, मुलांना सांगू नका, खेळू द्या. खेळता खेळता त्यांना कळेल. आम्हाला त्यांनी अंगणात नेऊन बेडकासारखं बसवलं, डोळे बांधून पानांचा वास घ्यायला लावला. माझ्या शेजारच्या पोक्त मास्तरांनी हे सगळं निमूट केलं आणि परत जाताना मला हळूच विचारलं, “बहनजी, परीक्षा में क्या पूछेंगे?” मलाही तेच विचारायचं होतं. निघताना सगळ्यांना एकेक छापील कागद मिळाला. त्यावर जंगली प्राण्यांच्या पावलांची चित्रं होती, एका प्राण्याचं एकच पाऊल.

शाळा सुरू झाल्यावर त्याच मुलांच्या, आता सातवीच्या, वर्गात मी पहिला खेळ केला तो सुतळीचा. कुणी गवत झालं, कुणी ससा, कुणी हरीण, कुणी शेर. जो ज्याला खातो त्यानं त्याच्या सुतळीचं टोक धरायचं. शिबिरात हे फार सुंदर दिसलं होतं. आमच्या मैदानात थोड्याच वेळात सुतळीचा असा गुंता झाला की हरीण कुठलं आणि कोल्हा कुठला ते ओळखू येईना. गवत झालेल्या मुलीनं विचारलं, “बाई, मले सगळे खाऊन राह्यले. मी कोनाले खाऊ?”

“तू मातीतून घे,” मी म्हटलं.

“मंग माती कोन होईन?”

माती व्हायला कुणी उरलं नव्हतं. मग मीच जमिनीवर बसले आणि तिच्या सुतळीचं टोक धरलं. तेवढ्यात बडे गुरुजी व्हरांड्यातून खाली आले. गुंतलेली मुलं पाहिली, खाली बसलेली मी पाहिली.

“ये क्या हो रहा है?”

“विज्ञान,” मी म्हटलं.

“अच्छा,” म्हणाले, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. रागावले की नाही ते मला समजलं नाही. मला तर वर्ग चांगला झाला की बिघडला हेही समजलं नव्हतं. घरी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “लुगळं धुवाले टाक वं, माती लागली हाये.”

गवत झालेली ती मुलगी नदीकडच्या बौद्ध वस्तीतली होती. वडील राइस मिलमध्ये पोती वाहत. वर्गात ती कमी बोलायची, पण बोलली की मला उत्तर शोधत बसावं लागे. ठिपकेवाल्या वाघाची गोष्ट तिच्याच आजाची.

हिवाळ्यात मी पावलांचा खेळ काढला. शिबिरातल्या कागदावरून एकेक पाऊल फळ्यावर मोठं काढलं, मुलांनी ते चिकणमातीत घडवलं, आणि वर्गातल्या कुंभाराच्या मुलानं ते घरच्या भट्टीत भाजून आणलं. मागं धरायला मुठीएवढी दांडी ठेवली होती. असे शिक्के झाले हरणाचे, अस्वलाचे, कोल्ह्याचे, वाघाचे आणि ठिपकेवाल्याचे. त्याला आम्ही सर्वानुमते बिबट म्हणायचं ठरवलं, कारण हे नाव वर्गात कुणाच्याच घरी चालत नव्हतं आणि त्यामुळं भांडणही नव्हतं.

वैनगंगेचं पाणी त्या दिवसांत उतरलेलं असतं आणि काठाला लांबच लांब वाळू उघडी पडते. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी वर्गाला तिकडे नेई. अर्धी मुलं पाठ करून बसत, अर्धी ओल्या वाळूत शिक्के उमटवत जात. मग पहिल्यांनी माग काढत जायचं आणि सांगायचं, कोण आलं होतं, कुठं थांबलं, कुठं वळलं. मी त्यांना सांगितलं होतं की मांजराच्या जातीचे प्राणी नखं आत ओढून चालतात, कुत्र्याची नखं मात्र वाळूत उमटतात. हे मी कागदावरून पाठ केलं होतं. मी स्वतः वाघाचं पाऊल कधी पाहिलं नव्हतं, बिबट्याचं तर नाहीच. पण मुलं रंगली होती. वाळूत टरबुजाच्या वेलांसाठी खड्डे करणारी माणसं काम सोडून बघायला येत. एका शनिवारी मी मुलांना म्हटलं की ज्याला हवं त्यानं शिक्का घरी न्यावा, धाकट्यांना दाखवावा आणि सोमवारी परत आणावा.

सोमवारी सकाळी आई पाणी भरून आली ती कळशी खाली न ठेवताच बोलू लागली.

“नदीवर वाघ आलता म्हनतेत लोकं. घाटावर पाय उमटले हायेत. बाया कपडे न धुताच वापस आल्या.”

मी चहा गाळत होते. पहिल्यांदा मला आनंदच झाला, की बघा, खराच आला. मग आठवलं की शिक्के मुलांच्या घरी आहेत. आणि मग काहीच नीट सुचेना. पावलं आमची असतील तर सगळं गाव उगाच घाबरलं. आमची नसतील तर शनिवारी त्याच वाळूत मी सगळा वर्ग घेऊन बसले होते.

शाळेत पोहोचेपर्यंत गावात चार प्राणी झाले होते. कुणी शेर आला म्हणत होतं, कुणी चीता, कुणी तेंदुआ, आणि बाजारातून आलेल्या चपराशानं तर बाघ-बाघिणीचा जोडा सांगितला. सगळे एकाच वाळूबद्दल बोलत होते. माझ्या वर्गातली अर्धी मुलं आईबापांनी घरीच ठेवली होती. जी आली होती त्यांनी शिक्के परत आणले होते. मी मोजून पेटीत ठेवत गेले, तर बिबट्याचा शिक्का नव्हता.

“कोणी नेला होता?”

गवत झालेली ती मुलगी उठली. “मी नेल्ला, बाई. बाबा म्हनाले, आज नेऊ नोको, लोकं मारतीन.”

“तू नदीवर खेळलीस का त्यानं?”

“हौ. काल सांजच्याले. वस्तीतल्या लहान पोरायले शिकवलं. तुमीच म्हन्लं होतं, धाकट्यायले दाखवा.”

म्हटलं तर मीच होतं. मी तिला बसायला सांगितलं आणि बडे गुरुजींकडे जाऊन जे होतं ते सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“तो शेर हमारे स्कूल का है?” त्यांनी विचारलं.

“वाटतं तसं.”

“वाटतं याने?”

“म्हणजे जाऊन बघायला हवं,” मी म्हटलं. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, चला. मुलीलाही घेतलं. वाटेत मिलवरून तिच्या वडिलांना बोलावलं. ते डोक्याला गुंडाळलेलं पोतं सोडून तसेच आले. घाटावर वनखात्याचा नाकेदार अगोदरच पोहोचला होता. हा जंगलचा शिपाई, खाकी कपड्यातला, आणि त्याला गर्दीला मागं सारता सारता नाकी नऊ आले होते. गर्दीनं अर्धी पावलं तुडवूनही टाकली होती.

मी वाकून पाहिलं. पाण्याच्या कडेनं एक ओळ गेली होती. प्रत्येक पाऊल स्वच्छ, गोल, चार बोटांचं, नखांशिवायचं. फळ्यावर मी काढलेलं तेच. मुलगी वडिलांचा हात सोडून पुढं आली.

“हे माये हायेत,” ती म्हणाली. “पाहा ना बाई, सगळे एकाच पायाचे हायेत. आपल्याजवळ एकच पाय होता.”

खरंच सगळे डाव्या पायाचे. असा प्राणी एका पायावर लंगडी घालत गेला तरच जाईल. बडे गुरुजींनी नाकेदाराला हे समजावून सांगितलं. तो हसला, घाम पुसला आणि म्हणाला, “चलिए, मामला खतम। बच्चों का खेल है।” गर्दीतही हसू पसरलं. दोन-तीन बायका तर कपड्यांची गाठोडी उचलून पाण्याकडे निघाल्या. मुलीच्या वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तो मारायला की जवळ घ्यायला हे त्यांचंही अजून ठरलेलं दिसत नव्हतं.

माझ्या छातीवरचा भार उतरला. मी परत फिरणार, तर मुलगी आपल्या ओळीच्या कडेनं पुढंच चालली होती, जिथं माणसं पोहोचली नव्हती तिकडं. एका जागी ती उकिडवी बसली.

“बाई, हे मायं नाही.”

मी जवळ गेले. तिथं तिच्या शिक्क्याचं एक पाऊल होतं, आणि त्याची बोटं दुसऱ्या एका पावलाखाली दाबली गेली होती. हे वरचं पाऊल तिच्या शिक्क्यापेक्षा जरा मोठं होतं, कडा ढासळलेल्या, खोल गेलेलं. थोडं पुढं अजून एक होतं, पण त्याची बोटं दुसऱ्या बाजूला झुकलेली, उजव्या पायासारखी. त्यापुढं अजून. ती ओळ तिच्या ओळीवर आली होती, थोडी जागा वाळू विस्कटली होती, आणि मग ओळ पाण्याकडे वळून दिसेनाशी झाली होती.

“तुझ्याबरोबरच्या कोणाचा पाय पडला असेल,” मी म्हटलं.

“मानसाले अशी बोटं कुठं असतेत?”

नाकेदाराला हाक मारली. तो वाकला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. “कुत्ता है,” म्हणाला.

“कुत्ते के नाखून दिखते हैं,” मुलगी हिंदीत म्हणाली. “बाईनं शिकवलं हाये,” हे मात्र मराठीत.

तो पुन्हा वाकला. “फिर छोटा तेंदुआ। या लकड़बग्घा।” लकड़बग्घा म्हणजे तरस. मग हात झटकत, “रेत में कुछ पक्का नहीं कह सकते।” मघाशी त्यानंच मामला खतम केला होता, तेव्हा आता तो उघडायची त्याची इच्छा दिसत नव्हती.

बडे गुरुजी माझ्याकडे वळले. “बहनजी, विज्ञान आपका है। बताइए।”

सगळे माझ्याकडे बघू लागले. नाकेदार, हमाली करणारा तो बाप, मागं उभ्या बाया. मी त्या पावलाकडे पाहत राहिले. छापील कागदावरचं पाऊल सपाट आणि काळं होतं. इथं वाळूत सावली होती, ओल होती, एका बाजूनं कण घरंगळत होते. हे तेच आहे की नाही, मला ओळखता येईना. आमच्या खोट्या पावलाची मला खात्री होती आणि खऱ्याची नव्हती. हे असं उलटं कसं झालं ते तेव्हाही कळलं नाही.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

बडे गुरुजींनी मान हलवली. मग ते चढावर उभे राहिले आणि लोकांना सांगितलं की पावलं शाळेच्या मुलांनी खेळात काढली आहेत, घाबरायचं कारण नाही. आणि त्याच दमात सांगितलं की दोन-चार दिवस कुणी नदीवर एकट्यानं येऊ नये, बकऱ्या आत बांधाव्यात. गर्दीत कुजबुज झाली. एका म्हातारबुवांनी विचारलं, “गुरुजी, आया है कि नहीं आया है?” गुरुजी म्हणाले, “दोनों।” आणि खाली उतरले.

परत येताना मुलगी माझ्या बाजूनं चालत होती. वडील पुढं होते. ती म्हणाली, “बाई, तो मायावाल्या पायापाशी थांबला होता. तिथंच वाळू इस्कटली होती ना. त्याले काय वाटलं असन?”

“कोणाला?”

“तो आला त्याले. त्याले वाटलं असन का, आपल्यावानी दुसरा कोनी हाये म्हून? लंगडा?”

मी म्हटलं, प्राणी पावलापेक्षा वास जास्त ओळखतात. हे कुठं वाचलं होतं की शिबिरात ऐकलं होतं, आठवत नाही.

“मंग त्याले तर माया हाताचा वास आला असन,” ती म्हणाली आणि आपला तळवा नाकाशी नेऊन हुंगून पाहिला. मग वडिलांकडे पळाली.

त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या गावात कुणाचंतरी वासरू मारलं गेलं. तिथले लोक शेर म्हणत होते, वनखात्याची माणसं तेंदुआ म्हणत होती. बकरी बांधून बघितली, काही आलं नाही. जे काय होतं ते जंगलाकडे निघून गेलं. बालाघाटात बाया पुन्हा घाटावर जाऊ लागल्या. पण माझ्याकडे लोक येऊ लागले. एक आई येऊन फार आदरानं म्हणाली, “बाई, वाघाचा पाय काढला म्हून वाघ आला. आता सापाचं काही काढू नोका.” मी तिला समजावलं की पाय काढल्यानं प्राणी येत नाही. ती म्हणाली, “हौ, पर आला ना.” दुसरीकडे, आमच्या खेळामुळं खरी पावलं लपली असं म्हणणारेही होते, आणि सगळाच बनाव होता, वासरू आजारानं मेलं, असं म्हणणारेही. रात्रीच्या जेवणाला आईनं विचारलं, “खरं काय होतं वं?” मी म्हटलं, दोन्ही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भात वाढला.

बडे गुरुजींनी नदीवरचा खेळ बंद केला. मला वाटलं, आता विज्ञान काढून घेतील, आणि त्याचं वाईट वाटावं की बरं, हेही मला ठरवता येईना. पण चार-सहा दिवसांनी शाळेच्या आवारात एक बैलगाडी आली आणि मागच्या भिंतीशी नदीची वाळू ओतून गेली. गुरुजी व्हरांड्यातून म्हणाले, “बाहर नहीं जाना है, तो यहीं खेलिए। मगर शेर नहीं।”

मुलांनी वाळू पसरून सारखी केली, संध्याकाळी पाणी शिंपडलं. सकाळी शाळा भरायच्या आधीच सगळा वर्ग भिंतीशी जमला होता. मी गेले तर बडे गुरुजीही तिथं, हातात छडी, पण छडीनं कावळ्याची पावलं दाखवत. कावळे होते, एक कुत्रा आरपार गेला होता, त्याची नखं साफ उमटली होती. आणि एका कोपऱ्यातून भिंतीच्या भोकापर्यंत बारीक पावलांची एक रांग होती, जिच्यामधून शेपटी फरफटल्यासारखी रेघ गेली होती. कुंभाराचा मुलगा म्हणाला, मुंगूस. गुरुजी म्हणाले, घूस. मुलगी वाकून बघत होती.

“तुमाले काय वाटते, बाई?” तिनं विचारलं.

मी पदर खोचला आणि तिच्याजवळ उकिडवी बसले. त्या रेघेत आणि पावलांत मला मुंगूसही दिसत होतं आणि घूसही. प्रार्थनेची घंटा झाली, मुलं रांगेत जायला पळाली. गुरुजी मात्र अजून तिथंच होते आणि ते घूसच आहे हे मला पटवून देत होते.